कॉफीचं यंत्र आणि आपलं जड पाणी



पूर्वी पुण्या-मुंबईला नोकरीला लागलेला मुलगा दिवाळीला घरी येताना आईसाठी साडी आणायचा, फार तर मिक्सर. आता तो एखादे वेळी भलंमोठं खोकं घेऊन उतरतो आणि त्यातून निघतं कॉफीचं यंत्र. एस्प्रेसो मशीन! चार दिवस घरात नुसता उत्साह. सकाळ-संध्याकाळ फेसाळ कॉफी, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावणं, मोबाइलवर फोटो. पाचव्या दिवशी मुलगा परत जातो आणि यंत्र ओट्यावर राहतं. त्याच्या सोबतीला राहतात ओला चोथा, दुधाचे शिंतोडे आणि इंग्रजीतलं एक जाडजूड पुस्तक.

पुढे चार-सहा महिन्यांनी कॉफीची धार बारीक होते. यंत्र पूर्वीपेक्षा जास्त घरघरतं. कॉफी कोमट येते. मग एक दिवस काहीच येत नाही. आणि घरातलं कुणीतरी म्हणतंच, "आईला मशीनमधलं काय कळतंय! नीट वापरलं नसेल."

आजचा लेख या एका वाक्यासाठी आहे. कारण बहुतेक वेळा दोष आईच्या हाताचा नसतोच मुळी. दोष असतो पाण्याचा. आपल्या परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेडकडे तर हे आधी लक्षात घ्यायला हवं. यंत्र कॉफीमुळे मळतं, दुधामुळे आंबतं, पण बंद पडतं ते बहुतेक पाण्यामुळे.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचं असंच झालं. यंत्र थंडावलं, लेकाने फोनवरून चार प्रश्न विचारले, सुनेने दोन विचारले, आणि वहिनी अगदी अपराध्यासारखं तोंड करून ते पुस्तक माझ्याकडे घेऊन आल्या. "तुम्ही शाळेत शिकवता, जरा वाचून सांगा, मी काय चुकवलं ते." वाचलं. वहिनींनी काहीही चुकवलं नव्हतं. रोज पुसलेलं, झाकलेलं, लखलखीत यंत्र होतं ते. फक्त टाकीत बोअरचं पाणी घातलं जात होतं, आणि पुस्तक लिहिणाऱ्याला आपल्याकडचं बोअरचं पाणी कुठून माहीत असणार!

पाण्यात असतं तरी काय?

ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही, ते जड पाणी. शाळेच्या पुस्तकात याला 'दुष्फेन' म्हणतात, आणि शब्द अगदी नेमका आहे. आपल्या पायाखाली काळा पाषाण, त्यावर काळी माती, आणि त्या मातीत जागोजागी चुनखडीचे खडे. पावसाचं पाणी यातून झिरपत खाली जातं तेव्हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून बरोबर नेतं. पाणी दिसायला स्वच्छ, चवीला थोडं मचूळ. उन्हाळ्यात पातळी खोल गेली की पुष्कळशा बोअरचं पाणी आणखी जड लागतं.

हे पाणी तापवलं की त्यातला विरघळलेला चुना बाहेर पडतो आणि भांड्याच्या आतल्या अंगाला बसतो. यात नवीन काही नाही. ज्यांच्या माहेरी तांब्याचा बंब होता त्यांना आठवत असेल, बाहेरून चिंचेने घासून लख्ख केलेला बंब आतून पांढऱ्या खपल्यांनी भरलेला असायचा. गिझरच्या कॉइलवर, चहाच्या पातेल्यात, स्टीलच्या बादलीच्या काठाला तेच पांढरं. कॉफीचं यंत्र म्हणजे तरी काय? एक छोटा बंब आणि पाणी ढकलणारा एक पंप. फरक इतकाच, की बंबाचं तोंड घागरीएवढं असतं आणि या यंत्रातल्या नळ्या सुतळीएवढ्या. बंबात खपली बसली तर पाणी उशिरा तापतं. नळीत बसली तर वाटच बंद.

थोडं गणित मांडू. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००) एका लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चांगला धरला आहे, आणि दुसरं पाणी मिळतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. समजा, तुमच्या बोअरचं पाणी ४०० चं आहे आणि यंत्रातून दिवसाला अर्धा लिटर पाणी जातं. म्हणजे रोज ०.२ ग्रॅम क्षार, महिन्याला ६ ग्रॅम. त्यातला निम्मा जरी आत बसला तरी वर्षाला ३६ ग्रॅम, म्हणजे छोटी वाटीभर खपली. सुतळीएवढ्या नळीत!

त्यातून आपली आवड पडली दुधाच्या कॉफीची. दूध फेसाळायला वाफ लागते, आणि वाफेबरोबर क्षार वर जात नाहीत. वाफ निघून जाते, चुना मागे उरतो. म्हणून नुसती काळी कॉफी पिणाऱ्या घरापेक्षा आपल्या घरचं यंत्र लवकर भरतं.

टाकीत कोणतं पाणी घालावं?

पहिली गोष्ट, पिण्याजोगंच पाणी घालावं. यंत्र पाणी खळखळ उकळत नाही. कॉफीसाठी ते साधारण ९० ते ९६ अंशांपर्यंत तापवतं, तेही काही सेकंद. त्यामुळे "आत उकळतंच आहे की" म्हणून न गाळलेलं पाणी ओतू नका.

दुसरी गोष्ट, तुरटीवर भिस्त ठेवू नका. तुरटीने गाळ खाली बसतो, पाणी निवळतं, पण विरघळलेला चुना काही जात नाही. साध्या कॅंडलच्या फिल्टरचंही तेच.

तिसरी गोष्ट आरओची. आरओने क्षार जातात, हे खरं. पण अगदी कोरं पाणीही यंत्राला मानवत नाही. काही यंत्रांत टाकीत पाणी आहे की नाही हे पाण्यातल्या क्षारांवरूनच ओळखलं जातं. कोरं पाणी घातलं तर टाकी भरलेली असून यंत्र 'पाणी घाला' म्हणून दिवा लावतं. शिवाय कोऱ्या पाण्यात कॉफी सपक लागते. म्हणून मिसळ करावी. बोअरचं पाणी ४०० चं असेल तर दोन भाग आरओ आणि एक भाग पिण्याजोगं गाळलेलं बोअरचं घ्या. जडपणा दीडशेच्या आसपास येतो. ६०० चं असेल तर तीनास एक. पुष्कळ घरगुती आरओत अशी मिसळ आधीच केलेली असते. तसं असेल तर तेच पाणी थेट चालेल.

आरओ नाही? हरकत नाही. पाणी दहा मिनिटं चांगलं खळखळ उकळा, झाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी तळ न ढवळता वरचं पाणी स्वच्छ कपड्यातून गाळून घ्या. उकळल्याने जाणारा जडपणा पातेल्यातच बसतो. सगळा जात नाही, पण पुष्कळ कमी होतो. चुना बसायचाच असेल तर तो दहा रुपयांच्या घासणीने निघणाऱ्या पातेल्यात बसू दे, हजारोंच्या यंत्रात कशाला?

आणि वीस लिटरच्या जारचं पाणी? ते कुठल्या प्रतीचं, हे जारवर लिहिलेलं नसतं. अशा वेळी जडपणा तपासायच्या कागदी पट्ट्या मिळतात, त्या एकदा आणून ठेवाव्या. पट्टी पाण्यात बुडवायची आणि रंग डबीवरच्या रंगाशी ताडून पाहायचा. नीट आकडा हवा असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घेता येतं. बोअर पिण्यासाठी वापरत असाल तर कॉफी राहू द्या बाजूला, ही तपासणी एरवीही करून घ्यावीच.

दाब म्हणजे खेळ नव्हे

स्वच्छतेकडे वळण्याआधी दाबाबद्दल दोन शब्द, कारण हात भाजतात ते इथेच.

आपल्याकडे 'एस्प्रेसो' हा शब्द आधी आला तो लग्नाच्या मांडवात. जेवणं झाली की कोपऱ्यात ते उंच चकचकीत यंत्र फुसफुसायचं आणि कपावर चॉकलेटची पावडर भुरभुरलेली कॉफी मिळायची. ती खरं तर वाफेने फेसाळलेली दुधाची कॉफी, विरघळणाऱ्या पावडरीची. इटलीतला प्रकार वेगळा. तुरिनच्या आंजेलो मोरियोंदोने १८८४ साली अशा यंत्राचं पेटंट घेतलं, मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ साली त्यात सुधारणा केली. ही जुनी यंत्रं वाफेच्या दाबावर चालत. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जाच्या दांड्याच्या यंत्राने दाब कितीतरी वाढवला, आणि कॉफीवर ती तांबूस साय दिसू लागली. १९६१ पासून हे काम विजेचा पंप करू लागला.

हा दाब साधारण ९ बार असतो. आपल्या कुकरमध्ये शिटीच्या वेळी जादा दाब असतो सुमारे १ बार. म्हणजे कुकरच्या नऊपट! खोक्यावर १५ किंवा २० बार लिहिलेलं असतं ती पंपाची ताकद. कॉफीला ९ पुरेत, तेव्हा मोठ्या आकड्याला भुलून जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

शिटी पडण्याआधी कुकर उघडायचा नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इथेही तसंच. कॉफी पडत असताना दांड्याची गाळणी फिरवून काढू नका. धार थांबल्यावरही अर्धा मिनिट जाऊ द्या. वाफ वापरल्यावर यंत्र आतून फार तापलेलं असतं, म्हणून थोडं पाणी सोडून मगच हात लावा. पोरांना 'बटण तू दाब' म्हणायची ही जागा नव्हे. आणि धुण्यापुसण्याआधी प्लग काढलाच पाहिजे. तीन पिनांचा, अर्थिंग असलेला प्लग हवा. जुन्या घरात अर्थिंग आहे की नुसतंच तीन भोकांचं सॉकेट, हे वायरमनकडून एकदा पाहून घ्या. वीज जाऊन परत येते तेव्हा दाब वरखाली होतो, म्हणून दिवे गेले की यंत्राचं बटण आधी बंद.

रोजची पाच मिनिटं

कॉफी झाली की चोथा लगेच काढावा. गरम असताना तो वडीसारखा अखंड निघतो, वाळला की खरवडावा लागतो. मोरीत टाकू नका, नळी तुंबते. थोडा थोडा मातीत मिसळून कुंड्यांना किंवा कंपोस्टला चालतो.

दांड्याची गाळणी परत न लावता नुसतं पाणी चार-पाच सेकंद सोडा. वरच्या जाळीला चिकटलेली पूड धुऊन जाते. मग ओल्या फडक्याने ती जाळी आणि कडेची रबरी रिंग पुसा.

वाफेची नळी ही सगळ्यात घाणेरडी होणारी जागा. वाफ बंद करताच नळीच्या आत पोकळी होते आणि थोडं दूध आत ओढलं जातं. बाहेरचं दूध गरम नळीवर चिकटतं. म्हणून दोन कामं, आणि ती त्याच मिनिटाला करायची. ओलं फडकं गुंडाळून नळी पुसायची, आणि फडक्यातच एक-दोन सेकंद वाफ सोडायची, म्हणजे आत गेलेलं दूध बाहेर पडतं. 'भांडी घासताना पुसू' म्हटलं की संपलं. आपल्या मे महिन्यात उघडं दूध दुपारपर्यंत टिकत नाही, नळीतलं तरी कसं टिकेल? हे फडकं वेगळंच ठेवा आणि रोज धुऊन उन्हात वाळवा. नळीच्या टोकाची भोकं बुजली तर यंत्र थंड झाल्यावर बारीक पिनेने मोकळी करा, जशी रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारायचो तशी.

रात्री टाकीतलं उरलेलं पाणी ओतून द्या आणि टाकी झाकण उघडं ठेवून वाळू द्या. पावसाळ्यात बंद टाकीला बुळबुळीत थर येतो. खालचा ट्रे रोज रिकामा करा, नाहीतर मुंग्या आणि चिलटं आलीच म्हणून समजा.

आठवड्याला एकदा

कॉफीच्या बियांत तेल असतं. ते जाळीवर साठतं आणि जुन्या खोबऱ्यासारखं खवट होतं. 'कॉफी कडू लागते' अशी तक्रार असेल तर पुडीला दोष देण्याआधी जाळीचा वास घेऊन बघा.

गाळणीतली जाळीदार वाटी काढा. ती स्टीलची असेल तर गरम पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा, ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. मात्र ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग सोड्यात घालायचा नाही, तो काळा पडतो. शंका असेल तर भांड्याचा साबण आणि गरम पाणी पुरे. दांड्याची लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ पाण्यात बुडवू नका.

काही महागड्या यंत्रांत भोकं नसलेली एक चकती दिलेली असते. ती लावून पाणी उलटं फिरवून आतली वाट धुता येते. पण ही सोय प्रत्येक यंत्रात नसते. तुमच्या पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच करा. नसेल तर हा प्रयोग नको, दाबाला बाहेर पडायला जागाच राहत नाही.

महिन्याला एकदा : चुना काढणे

आता मुख्य काम. पुस्तकात 'दोन-तीन महिन्यांनी' असं लिहिलेलं सापडेल. ते मऊ पाण्याचं. बोअरचं पाणी असेल तर महिन्याला एकदा, मिसळ केलेलं असेल तर दोन महिन्यांनी, असा ठोकताळा धरा.

यंत्राच्या कंपनीचं औषध मिळतं. नाहीतर वाण्याकडे किंवा केमिस्टकडे मिळणारं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. एक लिटर कोमट पाण्याला २० ग्रॅम, म्हणजे साधारण दीड मोठा चमचा. 'जास्त घातलं तर लवकर निघेल' असं नसतं. जास्त आम्लाने आतला धातू खातो. आतली टाकी ॲल्युमिनियमची असेल किंवा पुस्तकात आम्ल वापरू नका म्हटलं असेल, तर कंपनीचंच औषध आणा.

लिंबूसत्त्व पूर्ण विरघळू द्या, खडा राहता कामा नये. ते पाणी टाकीत भरा. गाळणी काढून ठेवा, खाली मोठं पातेलं ठेवा. थोडं पाणी वरच्या तोंडातून सोडा, थोडं वाफेच्या नळीतून. निम्मी टाकी रिकामी झाली की यंत्र बंद करून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मग उरलेलं पाणी तसंच सोडून द्या. पातेल्यात पांढरट-तपकिरी कण दिसले की समजा, औषध लागू पडलं. शेवटी साध्या पाण्याच्या दोन टाक्या पूर्ण काढा आणि त्यानंतरची पहिली कॉफी ओतून द्या.

सोपं आहे ना? लिंबाच्या फोडीने पितळेचं भांडं आपण पिढ्यान्‌पिढ्या घासतो, त्याचंच हे भावंड. मात्र लिंबाचा रस थेट टाकीत पिळू नका, त्यातला चोथा नळीत अडकतो. व्हिनेगर टाळा, त्याचा वास आठवडाभर जात नाही आणि काही यंत्रांतल्या रबराला ते मानवत नाही. आणि संडास-बाथरूमचं ॲसिड, ब्लीच, कॉस्टिक यांची बाटली या यंत्राच्या जवळसुद्धा आणायची नाही. ते पोटात जाणारं पाणी आहे!

वहिनींच्या यंत्राला हे असं तीनदा करावं लागलं. पहिल्या खेपेला नुसते थेंब पडले, दुसऱ्या खेपेला बारीक धार आणि पातेल्यात चमचाभर खपल्या. तिसऱ्या खेपेला यंत्र पूर्वीसारखं चालू लागलं. खर्च आला लिंबूसत्त्वाच्या एका पुडीचा. वहिनींनी त्या खपल्या एका काचेच्या बाटलीत भरून ठेवल्या आहेत. लेक आला की दाखवायला!

रबरी रिंग आणि काही नियम

दांडा बसतो तिथली रबरी रिंग कुकरच्या रिंगेसारखीच वयात येते. कडक होते, चिरते, बाजूने पाणी गळतं. गळू लागलं म्हणून दांडा जोर लावून आवळू नका, रिंग बदला. नवं यंत्र घेतानाच दोन जादा रिंगा मागवून ठेवल्या तर बरं. अशा यंत्राची दुरुस्ती तालुक्याच्या गावी सहसा होत नाही, खोकं बांधून मोठ्या शहरात पाठवावं लागतं आणि महिना जातो. म्हणून आपल्याकडे ही रोजची निगा हीच खरी दुरुस्ती.

गाळणीत दळलेली कॉफीच घाला. विरघळणारी पावडर घातली तर तिचा चिकट गोळा होऊन तोंड बंद होतं. आपल्याला लागतं ते जायफळ कपात किसा, गाळणीत नाही. टाकीत पाण्याशिवाय काहीही नको. "दूधच टाकीत घातलं तर?" असं मला एकीने खरंच विचारलं होतं. नाही हं, मुळीच नाही! दूध आत करपलं तर ते कुठल्याच औषधाने निघत नाही.

ही पाच मिनिटं कोणाची?

शेवटी थोडं मनातलं. आपल्या परभणीत कृषी विद्यापीठाचं गृहविज्ञान महाविद्यालय १९७६ साली सुरू झालं. आता त्याला सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणतात. घर चालवणं हे शास्त्र आहे, हे आपल्या गावाला तेव्हापासून ठाऊक आहे. पण शास्त्र म्हटलं की ते घरातल्या प्रत्येकाला शिकता येतं, हेही ओघाने आलं.

घरात नवीन वस्तू येते तेव्हा ती 'सगळ्यांसाठी' येते. तिची साफसफाई मात्र एकटीच्या वाट्याला येते. मिक्सर आला, फ्रिज आला, आरओ आला, प्रत्येकाने आपली पाच-पाच मिनिटं घेतली. या यंत्राच्या बाबतीत सुरुवातीलाच नियम करा की जो कॉफी काढेल तोच चोथा काढेल आणि नळी पुसेल. नळी पुसणं तर कॉफीबरोबर त्याच मिनिटाला व्हावं लागतं, ते मागाहून दुसऱ्या कुणी करायचं कामच नाही. हे कारण घरच्यांना सांगा. रागावून सांगायची गरज नाही, यंत्रच तसं आहे म्हणायचं. बहुतेक घरांत हे पटतं, कारण कॉफी सगळ्यांनाच चांगली हवी असते.

आणि चुना काढायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. गॅस कधी लावला, दूध किती आलं हे जिथे लिहितो तिथेच. शेजारी कुणी केलं त्याचं नावही लिहा. म्हणजे पुढे कधी यंत्र अडलं आणि 'आईला काय कळतंय' असं कुणी म्हणालं, तर बोलायची गरजच नाही. नुसतं कॅलेंडरकडे बोट दाखवायचं!

तुमच्या गावचं पाणी कसं आहे, डाळ शिजते का, बंबाला नि गिझरला किती दिवसांत खपली धरते, हे जरूर कळवा. चुना काढायची तुमच्या सासरची, माहेरची काही वेगळी युक्ती असेल तर तीही लिहा. पुढच्या खेपेला गिझरच्या कॉइलबद्दल बोलू.